महादेवीनं केलेले माशाचे दात

महादेवी नेसरीची. लग्न होऊन उचगावला आली आणि दाताच्या डॉक्टरांसाठी कवळ्या करायचं काम शिकली. १९९७ साली घराच्या पडवीतच तिचा कारखाना होता: प्लास्टर, मेण, घासायची मोटर आणि फळीवर मांडलेले लोकांच्या जबड्यांचे साचे. सासू गंगव्वाची कवळीही तिनंच केलेली.

एका दुपारी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या संयोगिता मॅडम आल्या. कापसात गुंडाळलेला एक दात त्यांनी पुढं ठेवला. तपकिरी, टोकाशी गळासारखा वळलेला.

"असे पुष्कळ करून द्या. कॉलेजच्या प्रदर्शनात याच्या तोंडाची अख्खी करवत मांडायची आहे."

"कुणाचा म्हनायचा ह्यो?" गंगव्वानं विचारलं.

"माशाचा, आजी."

गंगव्वा उठूनच उभी राहिली. घरात रोजची लिंगपूजा, मासळी कधी उंबऱ्याच्या आत आली नव्हती. "म्हादेवी, ह्ये न्हाय चालायचं."

"अत्ती, हातात घेऊन तर बगा की. दगूड झालाय त्येचा," महादेवी सासूला म्हणाली.

मॅडम पायरीवर बसल्या. "साडेनऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी मोरोक्कोकडच्या नद्यांत हा मासा होता. तोंडापुढं लांब करवत, तिच्या दोन्ही कडांना हे दात. आतला सांगाडा आपल्या कानाच्या पाळीसारखा लवचिक. तो बहुतेक सडून गेला, दात तेवढे राहिले."

"मग बाकीचा मासा कसा हुता, ते कसं कळलं?" महादेवीनं विचारलं.

"करवतीचे थोडे तुकडे मिळालेत. उरलेला अंदाज."

"आन् दात पडलं तर?" गंगव्वानं विचारलं.

"त्या जागी नवा उगवायचा."

"बरं हुतं की त्येचं," म्हणत गंगव्वा खाली बसली आणि तिनं दात तळहातावर घेतला.

काम सोपं गेलं नाही. साच्यातून काढताना दाताचं वळलेलं टोक मोडायचं. महादेवीनं शेवटी साचा मधोमध दुभागला, तेव्हा दात अखंड निघाले. रंग मात्र कवळीसारखा गोरापान. मिश्रणात तपकिरी पूड घालत, चहाच्या रंगावर येईपर्यंत तिनं तो घोटला.

प्रदर्शनात फळीवर बसवलेली करवत बघायला गर्दी झाली. गंगव्वा शेजारी खुर्ची टाकून बसली होती. कुणी विचारलं की सांगायची, "दात आमच्या सुनंनं केल्यात."

त्यानंतर दोन शाळांनी तशीच करवत मागितली. महादेवी खुशीत कामाला लागली. कवळीसाठी कुणी आलं, की गंगव्वा दारातूनच सांगायची, "बसा पावणं. माशाचं झालं की तुमचंच."