फळ्यावरचे मिलिंदचे पत्र

गेल्या रविवारपर्यंत हे मी कोणापाशीही बोललो नव्हतो. पत्नीपाशीही नाही, आणि तिला जाऊन आता नऊ वर्षे झाली.

मागच्या महिन्यात कामशेतच्या चहाच्या दुकानात आमच्या गावची मंडळी पुन्हा तेच सांगत होती: सत्त्याऐंशी साली श्रीलंकेत आपले सैन्य पाठवणे ही चूक होती, आणि गावाला ते पहिल्या दिवसापासून कळत होते. धादांत खोटे! पहिल्या दिवशी गावाने फटाके वाजवले होते. मला ठाऊक नसेल तर कोणाला? शाळेच्या भिंतीवरचा वार्ताफलक रोज सकाळी मी लिहीत असे. वर्तमानपत्र घेणारी घरे चार. बाकीचे गाव त्या फळ्यावरून मत बनवी. पुढे जवान मेल्याच्या बातम्या वाढल्या आणि तीच माणसे म्हणू लागली, परक्यांच्या भांडणात आपली पोरे कशाला? लोकांची ही दोन तोंडे मी चारचौघांत कितीदा तरी उघडी पाडली आहेत. पण माझी?

मिलिंद माझा विद्यार्थी. बौद्धवस्तीतला, सैन्यात शिपाई. आई सखूबाई निरक्षर. म्हणून त्याची पत्रे शाळेच्या पत्त्यावर माझ्या नावे येत. मी तिला ती वाचून दाखवी आणि तिचे उत्तर लिहून पाठवी. श्रीलंकेतल्या जाफन्याहून आलेले पत्र मात्र निराळे होते. ‘गुरुजी, ज्यांच्या रक्षणासाठी आलो तेच आम्हाला पाहून दारं लावतात. आमचं इथं काय काम, कळत नाही. मला परत यायचं आहे. आईला नीट समजावून सांगा. जमलं तर फळ्यावरही लिहा.’

मी काय लिहिले? — ‘आपला मिलिंद कळवतो: आम्ही आनंदात आहोत. मागे हटणार नाही.’ आईलाही हेच ऐकवले. हातात त्याचे पत्र धरून, न अडखळता.

का? गाव जोशात होते. माझ्या विद्यार्थ्याला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून — नाही, हेही पुरते खरे नाही. माझ्या फळ्याला कोणी भित्रा म्हटलेले मला सोसले नसते. त्या संध्याकाळी सारे गाव वाजतगाजत प्रथमच बौद्धवस्तीत गेले. सखूबाईला साडीचोळी दिली. भाषण मी केले.

तीन आठवड्यांनी मिलिंद मारला गेल्याची तार आली.

गावाचे मत फिरल्यावर मी जे केले, ते याहून वाईट. ‘ज्यांच्या रक्षणासाठी गेलो तेच दारे लावतात’ — हे वाक्य मी सभांतून माझे म्हणून वापरले. लोकांनी मला दूरदृष्टीचा माणूस म्हटले. मी ते म्हणू दिले.

आणि सखूबाई? मागच्या महिन्यातल्या त्या दिवशी बाजाराला आलेली ती चहाच्या दुकानापाशी थांबली होती. एकजण म्हणाला, “मावशी, लेक फुकट घालवला तुमचा.” ती पदर खोचून पुढे आली. “त्यानं सोता लिवलं हुतं, मागं हटनार न्हाई म्हणून! इचारा की गुरुजींना, हितंच बसल्यात.” सगळे माझ्याकडे वळले. मी होकाराची मान हलवली. वर्षानुवर्षे हलवत आलो होतो, तशीच.

गेल्या रविवारी मिलिंदचे ते पत्र घेऊन तिच्याकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. फळ्यावर काय लिहिले आणि पत्रात काय होते, दोन्ही सांगितले. मग पत्र वाचले. शेवट तिने पुन्हा वाचायला लावला.

“यायचं हुतं त्याला?”

“होय.”

तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

“मंग मी इतकी वर्सं कुणाच्या बाजूनं भांडले, गुरुजी?”

“माझ्या,” मी म्हणालो.

तिने हात पुढे करून पत्र घेतले. उलटसुलट करून पाहिले, घडी घातली.

“उठा आता हितनं.”

मी उठलो.