पाहुण्यांचा जार

आईच्या तळपायांना मुंग्या येत होत्या. वर्षभर तिने ते कुणाला सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हाही "उन्हानं असंल" म्हणून मोकळी झाली. काष्टीकडच्या आमच्या गावातून मी तिला ओढूनच सावेडीला माझ्या घरी आणलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, रक्तात शिसं आहे, मूत्रपिंडावर ताण आलाय म्हणाले आणि विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"नदीकडच्या हिरीचं. पर उकळून हां," आई ऐटीत म्हणाली. "हिनंच सांगितलंय."

ही म्हणजे मी. शाळेत विज्ञान शिकवते. डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले, उकळून जंतू मरतात, शिसं मरत नाही. पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं. हे मला कळायला नको होतं? इतकी वर्षं फोनवर "उकळून पी" एवढं बजावून मी हात झटकत होते. माझा मलाच भयंकर राग आला.

नदीच्या वरच्या अंगाला कारखाने आहेत. पाणी कधी तांबूस येतं, कधी फेसाळ, आणि काठावरच्या विहिरीत तेच झिरपतं. पण कागद दाखवल्याशिवाय ग्रामपंचायत दुसरं पाणी देणार नव्हती. आई हट्टाने गावी परतली, तेव्हा तिला प्यायला मी विकतच्या पाण्याचा जार लावून दिला. मग प्रयोगशाळेतून बाटली आणली, रविवारी गावी जाऊन विहिरीच्या नळाखाली भरली, ओट्यावर ठेवली आणि आंघोळीला गेले. आले तर बाटली बाहेरून लख्ख पुसलेली. आईची सवयच ती, म्हणून तशीच पिशवीत घातली.

अहवाल आला, पाणी पिण्यास योग्य.

माझा विश्वास बसेना. प्रयोगशाळेत जाऊन मी इतकं भांडले की तिथल्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. तोवर धाकट्या भावाने अहवालाचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला होता. त्याखाली हात जोडलेली चित्रं, फुलं, आभार! टँकर मागायला निघालेले लोकही घरी बसले.

पुढच्या रविवारी मी आईसमोर त्या प्रयोगशाळेचा उद्धार करत होते. ती भाजी निवडत होती. खाली मान घालूनच म्हणाली, "त्यांना नको बोलूस. पानी मी बदललं हुतं."

"काय?"

"तळाला गाळ बसला हुता. असलं पानी शेरातल्या साहेबांपुढं ठेवायचं? काय म्हनले असते? म्हनून पाव्हण्यांच्या जारमधलं भरलं."

मी ओरडले. अडाणी म्हणाले तिला, आणि ते आजही मला बोचतं. ती भाजी निवडत राहिली.

पुन्हा पाणी नेलं, या वेळी बाटली हातातून सोडलीच नाही. अहवालात शिसं आणि कॅडमियम, दोन्ही मर्यादेबाहेर. मी तो ग्रुपवर टाकला. एकाने विचारलं, "आदीचा खरा का हा खरा?" भाऊ म्हणाला, "ताई, आता गप बस. आईनं पानी बदललं हे कळलं तर लोक हसतील." ग्रामपंचायतीत पहिला अहवाल काचेखाली लावलाय, आणि तो काढा म्हणून मी तीन खेपा घातल्यात.

तिसऱ्या खेपेनंतर तणतणत आईच्या घरी आले. आईने जारमधलं गार पाणी काचेच्या पेल्यात भरून मला दिलं आणि स्वतः माठातलं तांब्याभर घेऊन बसली.

"हे कुठलं?"

"हिरीचं. उकळलंय."

"आणि जार?"

"त्यो आल्यागेल्याला. मला कशाला लागतंय इकतचं पानी?"

माझं डोकं फिरलं. पेला खाली आदळला, तिच्या हातातला तांब्या हिसकावला आणि तोंडाला लावला. तिने झडप घालून माझं मनगट धरलं. मुंग्या येणाऱ्या पायांवर ती इतक्या चपळाईने उठेल असं मला वाटलं नव्हतं.

"पिऊ नगंस बाई," ती कळवळून म्हणाली. "ते चांगलं न्हाई."