विनायकरावांचा आस्कंद

वैद्याकडे माणसं दुखणी घेऊन येतात आणि जाताना किस्से ठेवून जातात. पाथरीत विनायकराव वैद्यांच्या दुकानात किती साठले असतील, देव जाणे! माझी शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी हा मास्तर तिथल्या बाकड्यावर हजर.

विनायकरावांचा सगळा जीव अश्वगंधेवर, म्हणजे आमच्याकडच्या आस्कंदावर. अशक्तपणा? आस्कंद. जीव घाबरतो? आस्कंद, दुधातून! झोपेच्या बाबतीत तर पैज. "माझ्या आस्कंदानं झोप आली न्हाई असा माणूस दाखवा, दुकानाची पाटी उतरवतो!"

*

चुडाव्याचे एक पाटील गुडघे धरून आले. महिन्याचं चूर्ण घेऊन गेले. महिन्यानं परत आले, तरी गुडघे धरूनच.

"रोज घेतलं का?"

"वास लय उग्र बगा. म्या म्हशीला चारलं."

"म्हशीला?"

"तिचंच दूध पितो की म्या! तुमीच म्हनले ना, दुधातून घ्या."

विनायकरावांनी चूर्णाचा डबा बंद केला. मग म्हणाले, "म्हैस कशी हाय?"

"लय सुधारली! परवा दावं तोडून पळाली."

*

एक कॉलेजकुमार परीक्षेसाठी स्मरणशक्ती मागायला आला. त्यालाही आस्कंद. गड्यानं पंधरा दिवसांच्या पुड्या पेपरच्या दिवशी पहाटे एकदम गिळल्या आणि दुपारपर्यंत घोरत पडला! पेपर बुडाला म्हणून बापानं त्याला दुकानात ओढत आणलं. विनायकरावांनी आधी नाडी पाहिली, मग झाप झाप झापलं.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी सांगत आलं, बंदमुळे पेपर पुढं ढकललाय. पोरगं वैद्यांच्या पाया पडलं. "तुमचा गुण, वैदराज! बाकीचे फुकट जागले!"

*

माझंही ऐका. दोन ठिकाणी मुलीकडच्यांनी मला 'मास्तर फुंकरीनं उडतील' म्हणून नाकारलं होतं. विनायकरावांनी दोन महिने आस्कंद दिला आणि मी भरलो. तिसऱ्या ठिकाणी जमलं! विनायकराव आस्कंदाचा गुण म्हणून गावभर सांगत सुटले.

आई म्हणाली, "रोज वाटीभर तूप म्या खाऊ घातलं. दगडालाबी बाळसं आलं असतं!"

*

कौतिकाबाई दिवाळीनंतर आली. लेक, सून, नातवंडं, सगळी ऊसतोडीला गेलेली. म्हातारी एकटीच मागं.

"घर खायला उठतंय बगा. डोळ्याला डोळा न्हाई."

आस्कंद दिला. आठवड्यानं आली, झोप नाही. दुधात तूप घालून दिला. नाही. तिसऱ्या खेपेला तिचे डोळे खोल गेलेले, पाय लटपटत होते. मी गमतीनं म्हटलं, "वैदराज, पाटी उतरवायची का?" ते हसले नाहीत. मला माझीच लाज वाटली.

त्या दिवशी ते लोखंडी खलात आस्कंदाच्या मुळ्या कुटत होते. मी आणि शेजारचा शिंपी कापसाच्या भावावरून वाद घालत होतो. कौतिकाबाई बाकड्यावर माझ्या शेजारी बसून नातवाच्या खोड्या सांगत होती. सांगता सांगता तिची मान कलली आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं.

विनायकरावांनी हात थांबवला. तिनं डोळे उघडले. त्यांनी पुन्हा ठोका दिला, डोळे मिटले.

मग हात थांबला नाही. मुळ्यांचं पीठ झालं, ते त्यांनी डाव्या हातानं डब्यात काढलं, तरी उजवा हात चालूच. जेवायची वेळ टळली. घरून बोलावणं आलं, त्यांनी मानेनंच परत पाठवलं. मला खांदा हलवायची बंदी, आणि शिंप्याला हुकूम, "तू भांडत ऱ्हा!"

उन्हं कलली तशी एक गिऱ्हाईक आलं. त्यानं खलात वाकून पाहिलं.

"वैदराज, ह्याच्यात तर कायबी न्हाई! काय कुटायलाव?"

"हळू बोला," विनायकराव म्हणाले. "औषध चालू हाय."