दोन मिनिटं शांत

माईक हातात आला की माणसाला गप्प बसवत नाही. काल कबड्डीच्या मैदानावर माझ्या बायकोला श्रद्धांजली होती. जन्मभर मी तिथं सामने पुकारले, म्हणून मंडळानं हा मान दिला. सगळे उभे राहिले आणि नवा निवेदक सुरूच, "आपण शांत उभे आहोत. एकदम शांत. मागच्यांनी टोप्या काढा. सरपंच आलेत, त्यांना वाट द्या. शांत..."

अरे बाबा, मग तू कधी होणार शांत?

चढाईवाल्याचं कबड्डी-कबड्डी पंचाला ऐकू यावं, म्हणून पुकारणाऱ्यानं तेवढा वेळ तोंड मिटायचं असतं. निम्मं काम तेच आहे. ह्यांना कोण सांगणार? घरी ही मला म्हणायची, "इथं तरी भोंगा बंद ठेवा." जन्मभर बिचारीनं माझा आवाज सोसला. आता तिला दोन मिनिटं शांतता द्यायची, तर तीही होईना.

मी सरळ गेलो आणि माईकच्या मशीनची वायर उपटली.

"अण्णा, श्रद्धांजली चालू आहे!" तो ओरडला.

"आत्ता चालू झाली," मी म्हटलं.

मैदान खरंच गप्प झालं. हिच्याशी मनातल्या मनात दोन शब्द बोलावेत म्हटलं, तर मला एकही सुचेना.