चाकाकडे लागलेला कान

इमोमदोद, परवा तुला मातीत ठेवलं. आज तिसरा दिवस, संध्याकाळी रीतीप्रमाणे तुझ्या नावाचा दिवा लावतील. तुझ्याविषयी लिहून द्या म्हणून तुझी लेक नेककदम माझ्यापुढे वही ठेवून गेली. गोड गोड लिहिणं मला जमत नाही, हे माझ्या वर्गात होतास तेव्हापासून तुला ठाऊक आहे. तू भित्रा होतास. तिथूनच सुरुवात करते.

बर्तंग नदीच्या काठावर आमची बत्तीस घरं. सोविएत राज्य बुडालं, डिझेल यायचं थांबलं, लोकांनी जर्दाळूची झाडंसुद्धा चुलीत घातली. तेव्हा इमोमदोदनं, शेतीसंघाच्या या मेकॅनिकनं, ओढ्याचं पाणी पाटानं वळवून पाइपातून खाली सोडलं. ट्रकच्या चाकाला पत्र्याची पाती जोडली, बंद पडलेल्या गिरणीतली मोटर पट्ट्यानं त्याला उलटी जुंपली आणि गिरणीतच वीज काढली. बत्तीस घरांत उजेड पडला. लोक नाचले. इमोमदोद मात्र भिंतीला टेकून घाम पुसत होता.

वेग आवरणारं यंत्र आणायची गावाची ऐपत नव्हती. घराघरांतले दिवे आणि विजेच्या शेगड्या हेच त्या चाकाच्या मानेवरचं जू. जू निघालं की चाक उधळणार. चार घरं मालवली की तो वर जाऊन पाटावरची झडप थोडी उतरवायचा. पण सगळी एकदम मालवली तर? या विचारानं त्याच्या घशाखाली शीरचाय, आमचा दूधमिठाचा चहा, उतरत नसे. जेवताना, बोलताना, तापात पडलेला असतानासुद्धा त्याचा एक कान त्या घरघरीकडे लागलेला.

बायको म्हणायची, "माझं बोलणं तेवढं ऐकू येत नाही. चाकाशीच निका लावायचा होता."

"ते निदान एका सुरात बोलतं," तो म्हणायचा.

मग एका जानेवारीत त्याची आई गेली. तिसऱ्या संध्याकाळी दिवा. कापसाची वात मुलानं वळायची, खलिफाच्या, म्हणजे गावच्या धर्मगुरूच्या, हाती द्यायची, आणि दिवा पेटेपर्यंत जागचं हलायचं नाही. हा एकुलता एक. चाकापाशी कोण बसणार?

"मी बसते, बाबा," नेककदम म्हणाली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची.

"मीटरच्या काट्यावर नजर ठेव. झडपेकडे जायचं नाही. वर बर्फ आहे, पाय घसरला तर पाण्याबरोबर पाइपात जाशील."

"आणि काटा चढला तर? त्याला अंगाई म्हणू?"

"मला हाक मार. मला ऐकू येईल."

ज्या घरात दिवा लावायचा, तिथली वीज आधी मालवायची, ही आमची रीत. एका घरानं चाकाला काही झालं नसतं. पण म्हातारीनं अर्ध्या गावाची बाळंतपणं केली होती. आजीचा दिवा लागतोय आणि आपल्याकडे झगमगाट कसा, असं म्हणून वरच्या आळीनं वीज मालवली. ते पाहून खालच्या आळीला लाज वाटली. तिनंही मालवली, शेगड्यांसकट. सगळं आदरापोटी.

खलिफा प्रार्थना म्हणत होते. इमोमदोदच्या बोटांत वात होती. घरघर चढली. वारा असेल, त्यानं मनाला सांगितलं. आवाज आणखी चढला, मधमाशीची गांधीलमाशी झाली, मग पत्रा फाटावा तसं काहीतरी. आईचा दिवा सोडून कुणी उठतं का? त्यानं वात मामाच्या मुठीत कोंबली आणि तो अनवाणी बाहेर धावला.

एकाही खिडकीत उजेड नव्हता.

"दिवे लावा! शेगड्या लावा!"

शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याचा दंड धरला. "आईसाठीच मालवलेत रे. शांत हो, बाळा."

हात झटकून तो पळाला. खाली गिरणीत लेक, वर झडप. लेकीला बाहेर काढावं तर चाक फुटून घरांवर येणार. झडप गाठावी तर लेक आत. तो वर गेला. झडपेचा दांडा गोठला होता. लोखंडाला तळव्यांची कातडी चिकटली, तसाच तो दांडा फिरवत राहिला. पाणी अडलं, आणि त्याच क्षणी खाली धाडकन आवाज झाला. मग सगळं गप्प. दुसऱ्या कशाला नाही एवढा तो त्या शांततेला भ्यायला. बसून, घसटत, तो गिरणीपर्यंत उतरला.

"पट्टा तुटला," पोत्यांआडून नेककदम म्हणाली. "कानाजवळून गेला."

"हाक का नाही मारलीस?"

"घसा फुटेस्तोवर मारली, बाबा."

आईचा दिवा त्यानं पाहिलाच नाही. तो परतला तोवर पेटून, सगळ्यांच्या हातून फिरून झाला होता.

आठवड्यानं हातांना फडकी बांधून तू माझ्याकडे आलास, काखेत रंधा मारलेली फळी. "बाई, तुमचं अक्षर मोठं आणि सुबक. लिहा, दिवा कुणाचाही लागो, शेगड्या मालवू नका. चौकात लावतो." मी म्हटलं, शाळेच्या परीक्षा होऊ देत. अकरा वर्षांत तू दोनदा आठवण करून दिलीस. मी दोन्ही वेळा ओरडले.

आज सकाळी दारोदार सांगून आले, शेगड्या मालवू नका. सगळे हो म्हणतात. पण निम्म्या घरांत नव्या सुना आहेत, आणि तुझ्यासाठी गाव हळहळतं आहे. नेककदमचा त्यांच्या होकारावर भरवसा नाही. ती दुपारीच झडपेपाशी जाऊन बसली. वात कोण वळणार विचारलं, तर म्हणाली, "तुम्हीच वळा, बाई."

फळी कपाटामागे सापडली, कोरी. रंगाचा डबा उघडला. रंग वाळून दगड झालाय.