आठवड्यात दोन एकादश्या

मी तुरीच्या शेंगा सोलत होतो अन् ती पुस्तक वाचत होती. वेळ दुपारी चारची. ओसरीवरचं ऊन पायापर्यंत आलं होतं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम.

ती म्हणजे मंदाची माय, माझी बायको. सातवी शिकलेली. मी चौथी. फौजेत ड्युटी रोस्टर वाचता येण्यापुरतं मला वाचता येतं. त्यामुळं घरात वाचायचं काम तिचं अन् ऐकायचं माझं. गाव पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन. मी नायक म्हणून रिटायर झालो.

पुस्तक आमच्याच माणसांचं होतं. आमच्या सुभेदार साबांनी म्हातारपणी लिहिलं अन् छापलं. चाळीस वर्षांमागं आम्ही चौघं सात दिवस समुद्रात वाहत गेल्तो, त्याची हकीकत. पहिल्या पानावर साबांनी हुकूम लिहिल्यासारखं लिहिलंय : वाचा. शेवटच्या पानावर नाव लिहा. पुढच्याला द्या. घरात ठेवू नका.

मला एक प्रत त्यांनी पोस्टानं धाडली होती. ती मी ट्रंकेत टाकली अन् कुलूप लावलं. पण दुसरी एक प्रत हातोहात फिरत फिरत आपोआप आमच्या गावात आली. मास्तरीणबाईंनी ती हिला दिली. म्हणाल्या, नायकांचं नाव छापून आलंय, तुम्हाला म्हाईत न्हाई का? ही घरी येऊन माझ्याकडं बघून नुसती हसली. रोज दोन पानं वाचू, म्हणाली. मी न्हाई कसं म्हणणार.

आता त्या सात दिवसांचं सांगतो.

आमची पलटण अंदमानला होती. शेजारच्या बेटावर आमची एक पोस्ट होती. तिला पंधरा दिवसाला लाँचनं रेशन जायचं. त्या दिवशी पार्टीत चौघं. सुभेदार साब, साताऱ्याकडचे. मी. लान्स नायक बबन, घनसावंगीचा. अन् लाँचचा ड्रायव्हर. फौजेत आपल्या मुलखाच्या माणसाला ग्राईं म्हणतात. बबन माझा ग्राईं. वय सव्वीस. बोलायला फटकळ. पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा म्हणाला, हा आमच्या गावच्या पुढाऱ्यासारखा हाय, दिसायला एवढा मोठा अन् पिकाला थेंब न्हाई.

सकाळी साडेसहाला निघालो. दोन तासांचा रस्ता. सात चाळीसला इंजिन बंद पडलं. ड्रायव्हरनं अकरापर्यंत खटपट केली. चालू झालं न्हाई. वारं सुटलं. साबांनी वायरलेसचा सेट घेतला.

"टायगर, टायगर. इंजिन बंद. बहाव में हैं. ओव्हर."

"टायगर, लोकेशन बताओ. ओव्हर."

"किनारा नहीं दिख रहा. ओव्हर."

तेवढ्यात लाट आत आली अन् सेट भिजला. त्याच्यानंतर सेट बोलला न्हाई.

लाँचमध्ये आटा होता, तांदूळ होता, डाळ होती, रॉकेल होतं. प्यायचं पाणी मात्र एका जेरीकॅनमध्ये, तेही अर्धं. पोस्टवर विहीर होती, म्हणून कोणी जास्तीचं पाणी घेत नसे. साबांनी हिशेब केला. माणशी सकाळी पाव मग, संध्याकाळी पाव मग. ते स्वतःच्या हातानं मोजून द्यायचे. समद्यांत शेवटी स्वतः घ्यायचे.

तिसऱ्या दिवशी मला ताप भरला. मलेरिया आधीचा होता, तो उठला. ओठ फुटले, जीभ टाळूला चिकटायला लागली. चौथ्या दिवशी सकाळी साबांनी बबनपुढं मग धरला. त्यानं घेतला न्हाई.

"आज माझी एकादशी हाय, साब. निरजळी. माझं नायकाला द्या."

साब म्हणाले, हुकूम है, पी. बबन म्हणाला, साब, धरम का मामला है. फौजेत धर्माच्या गोष्टीत कोणी बोट घालत न्हाई. साबांनी मग माझ्यापुढं केला. आपल्याकडंही तसंच हाय. एखाद्यानं उपास हाय म्हटलं की आपण त्याला दुसऱ्यांदा आग्रह करत न्हाई. तसं करणं पाप समजतात. बबनला हे बराबर म्हाईत होतं. त्याचं पाणी मी पेलो. दोन्ही वेळचं.

पाचव्या दिवशी त्यानं सकाळचं पाणी घेतलं. सहाव्या दिवशी पाण्याचा मग समोर आला तर परत म्हणाला, आज माझी एकादशी हाय.

पंधरा दिवसाला एक एकादशी येते. हे कळायला शाळा लागत न्हाई. साब घडीघडीला झापडीत जात होते, त्यांचं ध्यान नव्हतं. ड्रायव्हरला आपल्या एकादशीचं काही कळत नव्हतं. मला कळत होतं. तापातसुद्धा कळलं. मी बबनच्या तोंडाकडं बघितलं. तो दुसरीकडं बघत होता. मी मग घेतला अन् पेलो. संध्याकाळी परत पेलो.

सातव्या दिवशी सकाळी बबन उठला न्हाई. त्याच दिवशी तीन वाजून दहा मिनिटांनी एका जहाजानं आम्हाला बघितलं.

सुट्टीवर आल्यावर मी घनसावंगीला गेलो. त्याच्या मायला म्हणालो, उपास होता त्याला. ती माझ्याकडं लई वेळ बघत राह्यली. मी चहा न घेता निघालो.

साबांनी पुस्तकात जे बघितलं ते लिहिलं. चौथ्या दिवशी एकादशी म्हणून बबननं पाणी नाकारलं. सहाव्या दिवशी एकादशी म्हणून नाकारलं. त्यांच्या लिहिण्यात खोट न्हाई. पण वाचणाऱ्यांनी मागच्या पानावर नावासोबत शेरे लिहिले. नवीन जालन्याच्या कोण्या शिकलेल्या माणसानं लिहिलं : अंधश्रद्धेचा बळी. एकीनं लिहिलं : जिवापेक्षा उपास मोठा का? एका पोरीनं लिहिलं : अडाणीपणा. बावीस जणांनी नावं लिहिली होती. हे पुस्तक पुढं जाईल तसा बबन अडाणी ठरत जाणार होता. हे मला ट्रंकेला कुलूप लावलं त्याच दिवशी समजलं होतं.

आता परत ओसरीवर. मंदाची माय वाचता वाचता थांबली. दोन पानं मागं गेली. परत पुढं आली. तिनं जन्मभर एकादशी केलेली.

"आवो, आठ दिवसांत दोन एकादश्या कशा?"

मी म्हणालो, समुद्रात दिवसांचा हिशेब चुकतो.

"साबानं तर तास-मिनिटं लिहिलीत."

मी शेंगा सोलत राह्यलो. तिनं पुस्तक मांडीवर ठेवलं.

"मंग त्याच्या वाटणीचं पाणी कोणी पेलं?"

मी म्हणालो, चहा टाक आधी. मंग सांगतो.

ती उठून आत गेली. दोन मिनिटांनी भांडं पडल्याचा आवाज आला.

मी आत गेलो तर ती ओट्याखाली पडलेली. तोंड डावीकडं गेलेलं. उजवा हात उचलत नव्हता. मास्तरीणबाईंच्या पोरानं जीप आणली. भोकरदनवरून तिला जालन्याला नेली. डॉक्टर म्हणाले, लकवा हाय, उशीर झाला. वाचा गेली.

चार दिवस मी दवाखान्यात बाकड्यावर होतो. मला काही काम नव्हतं. औषध मंदा आणायची. फारम मंदाचा नवरा भरायचा. सही कुठं करायची तेवढं मला दाखवायचे. नर्सबाई दिवसातून एक तास आत सोडायच्या, अकरा ते बारा. मी स्टुलावर बसून हिच्या पायावरची चादर नीट करायचो. नीटच असायची. तरी करायचो.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या कानापाशी गेलो अन् सांगितलं, मी पेलो. चौथ्या दिवशी पेलो तेव्हा खरं वाटलं होतं. सहाव्या दिवशी खोटं हाय हे समजून पेलो.

तिचे डोळे उघडे होते, वर पंख्याकडं. मी तिचा डावा हात धरला. म्हणालो, ऐकलं असंल तर बोट दाब. सेटवर मेसेज पोचला की समोरून 'रॉजर' येतो. मी बारा वाजेपर्यंत हात धरून बसलो. नर्सबाई म्हणाल्या, बाबा, टाइम झाला.

चौथ्या दिवशी दुपारी अडीचला ती गेली. संध्याकाळी गावात नेऊन अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या गाडीनं मी निघालो. मंदा दारात आडवी आली. आबा, सुतकात कोणी लोकाच्या घरी जातं का, उद्या राख सावडायची हाय, भावकी काय म्हणंल. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं तर सांगितलं, याचं डोकं फिरलंय, याला धरा. मी म्हणालो, कोणाच्या घरात शिरणार न्हाई, संध्याकाळी माघारी येतो. जालन्याला गाडी बदलली. घनसावंगीला साडेअकराला उतरलो.

बबनची माय कव्हाच वारली. त्याचा धाकटा भाऊ दत्तू हाय, माझ्यासारखाच म्हातारा. तो दारात उसाची वाढं तोडत होता, म्हशीपुढं टाकायला. मी रस्त्यावरच थांबलो. सांगितलं, काल बायको गेली, आत येत न्हाई. तो वाढं ठेवून रस्त्यावर आला.

मी पुस्तकाचं नाव काढलं. तो म्हणाला, "आल्तं आमच्याकडं. वाचलं अन् पुढं दिलं. मागच्या पानावर नाव लिवलं न्हाई मी."

मी विचारलं, का?

"खोटं हाय त्यात. बबन्यानं जन्मात उपास धरला न्हाई. एकादशीला माय भगर करायची, ह्यो भगर खायचा अन् वर भाकर मागायचा. त्यावरून मार खाल्लाय त्यानं."

मी सरळ उभा राह्यलो. म्हणालो, पाणी मी पेलो. उपास न्हाई हे मला म्हाईत होतं. मायपुढं खोटं बोललो.

दत्तूनं डोक्याची टोपी काढली, झटकली, परत घातली. त्याची म्हैस ओरडली तिकडं त्यानं बघितलं न्हाई.

"माय मरेपर्यंत एकच विचारायची," तो म्हणाला. "माझ्या लेकानं उपासाचं खोटं कोणासाठी सांगितलं असंल? कोणालाच सांगता आलं न्हाई."

मी हात जोडले.

"लई उशीर केला तुमी, नायक."

मी हो म्हणालो. पुस्तकं कुठं कुठं गेलीत ते साबांनाही म्हाईत न्हाई. प्रत्येक घरी जाणं माझ्यानं होणार न्हाई. म्हणून मंदाला बसवून हे लिहून घेतलं. ज्यांच्या हातात ते पुस्तक येईल त्यांनी एवढं वाचावं.

लान्स नायक बबन, राहणार घनसावंगी. चौथ्या दिवशी त्याला उपास नव्हता. सहाव्या दिवशीही नव्हता. त्याला तहान लागली होती.