चादरीवरचा डाग

माझी नात दिवाणी कोर्टात वकील आहे. ज्याच्यावर दावा लागतो, त्याची बाजू ती लढवते. मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही. मी लोकांचे कपडे धुऊन तिला शिकवलं, आणि चादर पिळताना दुसरं टोक तीच धरायची.

परवा एक पाववाला रडवेला होऊन आला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दावा ठोकला होता. याच्या भट्टीच्या धुरानं त्यांच्या कपड्यांवर डाग पडतात, तेव्हा भट्टी बंद करा. भट्टी बंद म्हणजे त्याच्या घरची चूलच बंद!

उत्तर लिहिण्याआधी स्वतः जागा बघायची, ही नातीची जुनी खोड. ती त्यांच्या सामाईक गच्चीवर जाऊन आली आणि गालात हसत बसली.

कोर्टात बाईंनी पुराव्याची चादर दिली. नातीनं ती उलगडली. बरोब्बर मधोमध तांबूस डागांची सरळ रेघ.

"ताई, धूर काय पट्टी घेऊन रेघ आखतो?" नातीनं विचारलं. "चादर कशावर वाळत घालता?"

"तारेवर."

"गंजलीय ती. ओली चादर तिच्यावर पडली की गंज लागणारच."

न्यायाधीशांनाही हसू आवरेना. बाई ओशाळल्या आणि त्यांनी दावा मागे घेतला.

घरी आल्यावर मी म्हटलं, "जिंकलीस खरी, पण त्या बिचारीच्या कपड्यांचं काय?"

"पाववाल्याला सांगितलंय, आजी. तो नवी दोरी बांधून देतोय."